ओबीएमचा (बोटीमागच्या आउटबोर्ड मशीनचा) पंखा बदलायचाय: १३ चाच घेऊ, १५ चा स्टील घेऊ, की दुखणं वेगळंच आहे? (गोसीखुर्द बॅकवॉटर)

वैनगंगाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

राम राम राजेहो. पवनी तालुक्यातला आहे, शेत गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला लागून. दिवाळीत मोठ्या भावानं मुंबईकडून एक जुनी फायबरची बोट आणली. १६ फुटी, मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक ओबीएम. धंद्यासाठी नाही, घरच्यांसाठी. पाहुणे आले की अंभोऱ्याच्या दिशेनं एक चक्कर, नाहीतर संध्याकाळी आपलं उगाच. (परवानगी, नोंदणी, लाइफ जॅकेट सगळं झालेलं आहे. कृपया त्यावर धागा नेऊ नका.)

अडचण अशी. मी एकटा असलो की बोट मस्त पळते, मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ४४ किलोमीटर. सहा जण बसले की नाक आभाळाकडे करते आणि पाण्यावर उचलायला १४-१५ सेकंद घेते. तेवढा वेळ समोरचं काही दिसत नाही. उचलल्यावरही ३६ च्या वर जात नाही, आणि वळणावर मशीन एकदम किंचाळतं.

त्यात गेल्या रविवारी पाण्याखालच्या खुंटाला पंखा लागला. एका पात्याचं टोक वाकलं. म्हणजे पंखा घ्यायचाच आहे. नागपुरात एका दुकानात विचारलं तर म्हणाले, स्टीलचा १५ चा टाका, टॉप स्पीड वाढेल. आत्ता ॲल्युमिनियमचा १३ चा आहे, तीन पात्यांचा. काय करू?

सावजीरस्सा | शनिवार, रात्री १०:०५

घेऊन टाक ना भाऊ स्टील! आकडा मोठा तेवढा पंखा पाणी जास्त ढकलते, सीधी गोष्ट हाय. आन् शायनिंग पाय ना त्याची. पाहुण्यायनं फोटोच काढले पायजे.

लेथवाले काका | रविवार, सकाळी ६:१०

बाबू, शायनिंगवर पंखा घेणाऱ्यांचे गिअरबॉक्स मी आयुष्यभर उघडले आहेत. जरा थांब.

१३ हा पिचचा आकडा. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात किती आत जाईल, तसं पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती पुढे जाईल, इंचात. पाणी लाकूड नाही, म्हणून प्रत्यक्षात तो तेवढा जात नाही. चिखलात ट्रॅक्टरचं चाक फिरतं जास्त आणि ट्रॅक्टर सरकतो कमी, तसंच. त्या फरकाला स्लिप म्हणतात.

जास्त पिच म्हणजे वरचा गिअर. रिकामी ट्रॉली टॉप गिअरमध्ये पळते, पण काळ्या रानात नांगर लावून टॉप टाकशील तर इंजिन गुदमरतं. तुझी बोट एकट्यानं पळते आणि सहा जणांत रडते, यातच अर्धं उत्तर आलं. तरीही अंदाजावर पैसे घालू नको. मला तीन गोष्टी सांग:

सहा जण बसवून फुल थ्रॉटलला आरपीएम किती येतो. मशीनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलची रेंज काय दिली आहे. गियर रेशो किती, म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांत पंखा एकदा फिरतो.

जीपीएसचा वेग वाऱ्याकडे एकदा आणि वाऱ्यासोबत एकदा घे, आणि सरासरी काढ.

वैनगंगाकाठ | रविवार, दुपारी १२:३०

काका, आजच घेतलं. सहा जणांत ४७००. पुस्तकात ५००० ते ६०००. गियर रेशो २.००. वेग सरासरी ३६. एकटा असताना ५३०० येतात.

लेथवाले काका | रविवार, दुपारी १:१५

बघ आता. आरपीएम गुणिले पिच, भागिले गियर रेशो, गुणिले ०.००१५२४. हा ताशी किलोमीटरमधला कागदावरचा वेग.

४७०० × १३ ÷ २ × ०.००१५२४ = ४६.६.

खरा वेग ३६. म्हणजे जवळजवळ २३ टक्के स्लिप. अशा बोटींना १० ते २० चालतं, तुझं त्याच्या वर आहे. थोडं वाकलेल्या पात्यामुळे, थोडं वजनामुळे. पण खरी काळजी ४७०० ची. कंपनी म्हणते फुल थ्रॉटलला निदान ५००० पाहिजे. पोहोचत नाही याचा अर्थ मशीन कायम ओझ्याखाली. कार्बन धरतो, गरम होतं, पेट्रोल पितं ते वेगळंच.

पिच एक इंच वाढवलं की साधारण १५० ते २०० आरपीएम पडतात, कमी केलं की तेवढेच चढतात. १५ चा टाकलास तर सहा जणांत ४३००-४४०० वर बसशील. पंखा दोन इंच खाली आण. १५ नाही, ११.

सावजीरस्सा | रविवार, दुपारी १:४०

काका तुमी म्हणता तर असन. पण ११ नं स्पीड मरन ना बाप्पा.

लेथवाले काका | रविवार, दुपारी १:५२

एकटा असताना दोनेक किलोमीटर मरेल. सहा जणांत मरणार नाही, कदाचित वाढेल. वरच्या गिअरमध्ये घाट चढत नाही तिथे खालचा टाकला की गाडी हळू होते की जोरात?

देवगडहापूस | रविवार, रात्री ८:२०

कोकणातून लिहितोय, आमच्याकडे पंख्यांशी रोज संबंध. काकांशी शंभर टक्के सहमत, एक भर घालतो.

ही बोट मुंबईकडची, म्हणजे बहुतेक खाडीत दोघा-तिघांना घेऊन फिरत असणार. तिथे १३ चा पंखा बरोबरच होता. तुमच्याकडे आल्यावर तीन गोष्टी बदलल्या. माणसं दुप्पट झाली. गोसीखुर्दचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण २४५ मीटरवर, म्हणजे हवा तीनेक टक्के विरळ आणि मशीनला तेवढा दम कमी. आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा अडीच टक्के हलकं, म्हणून बोट किंचित खोल बसते. एकेक गोष्ट किरकोळ आहे, पण सगळ्या एकाच बाजूला ओढतात. पंखा वाईट नाही, दुसऱ्या पाण्याचा आहे.

वळणावर किंचाळणं हे बरेचजण कॅव्हिटेशन म्हणून सांगतात. ते नव्हे. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरचा दाब इतका पडतो की पाणी थंडच असताना तिथल्या तिथे उकळतं, आणि ते बुडबुडे फुटून धातूला खड्डे पाडतात. तुमच्याकडे पंखा वरून हवा ओढतोय. मशीनच्या पायावर पंख्याच्या वर आडवी पट्टी असते, ती बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर पाहिजे. खाडीतल्या उथळ पाण्यासाठी कुणीतरी मशीन एक भोक वर बसवलेलं असू शकतं. फूटपट्टी लावून बघा.

नवेगावची | सोमवार, सकाळी १०:५५

नवेगावबांधकडची आहे. आमच्याकडे २५ हॉर्सपॉवरची बोट आहे, ती मीच चालवते, म्हणून बोलते.

दादा, पंख्याच्या आधी बोटीचं वजन बघा. जुन्या फायबर बोटीत पाटाखाली फोम असतो, तो पाणी पितो. मागचा प्लग काढून नाक उंच करून रात्रभर ठेवा. आमच्या बोटीतून पहिल्यांदा किती बादल्या निघाल्या ते सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. बुडाला शेवाळाचा थर असेल तर तोही घासा, त्यानंही वेग जातो.

आणि सगळे मागे बसतात ना, मशीनजवळ? पेट्रोलची टाकी पुढे सरकवा, वजनदार काकांना पुढच्या पाटावर बसवा. सहा जणांपैकी दोघं पुढे गेले तरी नाक खाली येतं. याला पैसे लागत नाहीत.

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:१५

ताई, वजनदार काका म्हणजे आमचे आबा, आणि ते मशीनच्या शेजारची जागा सोडत नाहीत. सांगून बघतो.

देवगडभाऊ, पट्टी बुडाच्या दोन इंच वर निघाली! मशीन खाली घेऊ, पाणी काढू, बुड घासू, सगळं उद्याच करून टाकतो.

लेथवाले काका | सोमवार, रात्री ९:३०

सगळं एकदम करू नको. एक बदल, एक चाचणी, वहीत एक ओळ. नाहीतर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आणि खुंट लागला म्हणालास, तर दोन कामं अजून. पंख्याच्या मधल्या गोळ्यात रबराचा बुश असतो, धडक बसली की तो आतल्या आत सुटू शकतो. मग मशीन ओरडतं आणि बोट हलत नाही. मार्करनं बाहेरच्या गोळ्यापासून आतल्या पितळी तुकड्यापर्यंत सरळ एक रेघ ओढ, फुल थ्रॉटल मार, परत बघ. रेघ तुटली तर बुश गेला.

दुसरं, पंखा काढ आणि शाफ्ट बघ. कॉटर पिन सरळ कर, नट सोड, पंखा बाहेर. मागचा वॉशर कोणत्या बाजूनं होता त्याचा फोटो काढून ठेव. उलटा बसवून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

वैनगंगाकाठ | बुधवार, रात्री ८:०५

वाईट बातमी आणि चांगली बातमी.

रेघ जागेवर, बुश ठीक. पण पंखा काढला आणि काकांना मनातल्या मनात हात जोडले. शाफ्टभोवती तंगूस (नायलॉनचा दोरा)! मुठीएवढं गुंडाळलेलं, वितळून कडक झालेलं. कुण्या ढीवरभाऊच्या जाळ्याचं असणार. आमच्या गावच्या मिस्त्रीनं खालचा स्क्रू उघडून गिअर ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरं. सील कापलं गेलं होतं, पाणी आत जाऊन राहिलं होतं. सील आणि ऑइल बदललं. अजून महिनाभर चालवलं असतं तर मिस्त्री म्हणतो गिअर गेले असते.

मी पंखा बदलायला निघालो होतो आणि गिअरबॉक्स वाचला.

नवेगावची | बुधवार, रात्री ८:४०

गिअर वाचला हे चांगलंच. पण ते जाळं कापलं गेलं तेव्हा कुणाची तरी रात्रीची मजुरी गेली, दादा. ढीवर लोक संध्याकाळी जाळं टाकतात आणि पहाटे उचलतात. खुणेला थर्माकोलचा तुकडा नाहीतर पाण्याची रिकामी बाटली तरंगत असते, ती अंधारात दिसत नाही. संध्याकाळी "आपलं उगाच" चक्कर मारता ना, त्या वेळेस काठाजवळून नका जाऊ. सोसायटीच्या लोकांना विचारा जाळी कुठे असतात, ते सांगतात. डोंग्यातल्या माणसाजवळून जाताना थ्रॉटलही उतरवा, तुमच्या लाटेनं डोंगा भरतो.

वैनगंगाकाठ | बुधवार, रात्री ९:०२

खरं आहे ताई. उद्या घाटावर जाऊन विचारतो कुणाचं जाळं होतं ते. भरपाई देईन.

देवगडहापूस | गुरुवार, सकाळी ७:३०

तंगूस हा सगळ्या किनाऱ्यांचा रोग आहे. दर १५-२० तासांनी पंखा काढून बघायची सवय लावा, आणि बसवताना शाफ्टच्या दात्यांना ग्रीस. नाहीतर एक दिवस पंखा शाफ्टलाच धरून बसतो आणि मग हातोडी.

इकॉर्निया (जलपर्णी) किती आहे तुमच्याकडे?

वैनगंगाकाठ | गुरुवार, सकाळी ७:५०

पावसाळ्यानंतर विचारू नका. नाग नदीचं पाणी येतं ना नागपूरकडून, मग काय, हिरवागार गालिचा. काठाला बेशरम, मधे इकॉर्निया.

देवगडहापूस | गुरुवार, सकाळी ८:१५

मग त्यातून जोर लावून जाऊ नका. अडकलात तर न्यूट्रल, मग थोडा रिव्हर्स, पंखा स्वतःच ओकून टाकतो. आणि मशीनच्या मागून जी पाण्याची धार पडते तिच्यावर डोळा ठेवा. बारीक झाली म्हणजे पाणी ओढायच्या जाळीत पान अडकलंय, लगेच बंद करा. हात घालायचा तर मशीन बंद करून किल-स्विचची (मशीन तोडणाऱ्या बटणाची) दोरी काढून मगच.

सावजीरस्सा | गुरुवार, दुपारी २:२०

चार पात्यायचा पंखा कोनी वापरला का? एका दोस्तानं लावला म्हणे, बोट लवकर उचलते.

लेथवाले काका | गुरुवार, दुपारी ४:००

हे मात्र बरोबर विचारलंस. चार पाती पाण्याला जास्त धरतात. लवकर उचलते, कमी वेगातही पाण्यावर टिकून राहते, थरथर कमी. टॉप स्पीड थोडा जातो, आणि त्याच पिचला आरपीएम थोडे पडतात, म्हणून चार पाती घेताना एक इंच कमी घ्यायचं. घरच्या बोटीला वाईट नाही. पण महाग, आणि आपल्या धरणात पंखा ही खर्चाची वस्तू धरूनच चालायचं.

स्टीलचा विचार सोड, बाबू. स्टीलचं पातं पातळ राहतं आणि दाबाखाली वाकत नाही, म्हणून मोठ्या मशीनला त्याचा फायदा दिसतो. ४० हॉर्सपॉवरला फरक थोडा, किंमत तीन-चार पट. आणि खुंट लागला की ॲल्युमिनियम स्वतः वाकतं. स्टील वाकत नाही, धक्का आत शाफ्टकडे पाठवतं. रबराचा बुश त्यातला थोडा खातो, सगळा खात नाही. पाण्याखाली अख्खं जंगल उभं असलेल्या धरणात मी स्वस्त वस्तू मोडू देईन आणि महाग वाचवीन.

वाकलेला १३ चा फेकू नको. पण ऐरणीवर ठोकणाऱ्याकडेही देऊ नको. तिन्ही पाती एकाच पिचची राहिली पाहिजेत, नाहीतर थरथरीनं बेअरिंग जातं. ठोकण्याआधी तिन्ही पाती मोजतो का, ते विचार. मोजत नसेल तर उठून ये.

वैनगंगाकाठ | गुरुवार, रात्री १०:१०

११ चा ॲल्युमिनियम, तीन पात्यांचा, ठरलं. घेताना काय बघू?

देवगडहापूस | शुक्रवार, सकाळी ७:०५

शाफ्टच्या दात्यांची संख्या मोजून जा, तीच जुळली पाहिजे. जुन्या पंख्यावर आकडे कोरलेले असतात, त्याचा फोटो न्या. यामाहाचा असेल तर "११ ३/८ × १२ – जी" असं काहीतरी दिसेल: पहिला व्यास, दुसरा पिच, शेवटचं अक्षर सिरीजचं. अक्षर चुकलं तर पंखा तुमच्या मशीनला बसत नाही. पिच कमी होतं तेव्हा व्यास थोडा वाढलेला असतो, घाबरू नका, ते मुद्दाम असतं. सोबत दोन जादा कॉटर पिना आणि एक नट घ्या.

वैनगंगाकाठ | पुढचा रविवार, रात्री ९:२५

झालं. काकांच्या हुकमाप्रमाणे वही.

बुड घासलं, पाणी काढलं (चार बादल्या, ताई!): सहा जणांत ४७०० चे ४८००, वेग ३७.५.
मशीन एक भोक खाली: किंचाळणं बंद. वेगात फरक नाही.
नवा ११ चा पंखा: सहा जणांत ५२००, वेग ३८. उचलायला ८ सेकंद.
एकटा: ५७००, वेग ४२. आधी ४४ होता.

स्लिप काढली. ५२०० × ११ ÷ २ × ०.००१५२४ = ४३.६, खरा ३८. म्हणजे तेरा टक्क्यांच्या आत. रिकाम्या बोटीचे दोन किलोमीटर गेले. माझं काही म्हणणं नाही.

आबा पुढे बसायला तयार नाहीत. ८ सेकंद हे त्यांच्यासकट आहेत.

सावजीरस्सा | पुढचा रविवार, रात्री ९:४०

मानलं काका. पण पंखा सिल्व्हर कलरचा घ्याले पायजे होता.

ब्रह्मपुरीचाउन्हाळा | सोमवार, सकाळी ११:३०

उशिरा आलो, पण एक राहिलंच. ही चाचणी थंडीतली. मे महिन्यात ४५ अंशात हवा विरळ होते, दर १० अंशाला साधारण ३ टक्के. दुपारचे २५ अंश धरले तर मे मध्ये मशीनचा दम ६ टक्के कमी. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनात वाढते, त्यामुळे आरपीएम मात्र दोनेक टक्केच पडतील. ५२०० चे ५१०० धरा. रेंजच्या आत, पण काठावर. सात जण बसवले तर बाहेर. मग १० चा पंखा?

लेथवाले काका | सोमवार, दुपारी १२:१०

हिशेब पटला. पण १० चा कायमचा लावला तर हा पोरगा एकटा गेल्यावर ५९०० वर जाईल, कंपनीच्या हद्दीला टेकेल. ११ राहू दे. मे मध्ये सातवा माणूस काठावर बसवा.

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री ८:५०

काका, मे मध्ये ४५ अंशात बोट काढतो कोण? आणि तेव्हा पाणीही उतरतं, सगळे खुंट वर येतात. तेव्हा डोंग्यातून फिरून एकेकाची जागा मोबाइलमध्ये टिपून ठेवणार आहे. घाटावरच्या ढीवरभाऊंना बरेचसे तोंडपाठ आहेत, ते सोबत येतो म्हणाले. जाळं त्यांच्याच पुतण्याचं निघालं. पैसे घेतले, पण आधी चहा पाजला.

सावजीरस्सा | सोमवार, रात्री ९:०५

मग तो खुंटायचा नकाशा इथंच टाक भाऊ. आमीही येऊ कदी.

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:२०

टाकतो. ज्या खुंटाला पंखा लागला तो पहिला. त्याची जागा आबांनी न बघताच सांगितली. आमच्या जुन्या वावरातला आंबा आहे तो.